बोलता येतं, मग बँड का येत नाही?

पत्राचा गोषवारा: मिरजेच्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूमध्ये काम करणाऱ्या ३१ वर्षांच्या स्टाफ नर्सचं हे पत्र आहे. शाळा तासगाव तालुक्यातल्या गावात, मराठी माध्यमातून, पुढे बी.एस्सी. नर्सिंग. ब्रिटनला नोकरीसाठी जायचं म्हणून त्यांनी दोनदा आयल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा दिली. गेल्या महिन्यातल्या परीक्षेत लिसनिंग ७.५, रीडिंग ७, रायटिंग ६.५. स्पीकिंगला आधी ६ होते, आता ६.५ आले. हवेत ७ (या गुणांनाच बँड म्हणतात). स्पीकिंगच्या दुसऱ्या भागात कार्डावर विषय देऊन बोलायला लावतात. सांगलीतल्या क्लासने अशा क्यू कार्डांच्या तयार उत्तरांच्या झेरॉक्स दिल्या होत्या, त्या त्यांनी पाठ केल्या. परीक्षेत मात्र परीक्षकाने दोनदा मधेच तोडलं, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही आणि यांचा धीर सुटला. तिसऱ्या, चर्चेच्या भागात तर ‘येस, आय थिंक सो, बिकॉज पीपल आर बिझी’ यापुढे गाडी जाईना. सोबतची केरळची सिस्टर पहिल्याच फेरीत ७.५ घेऊन सुटली. आता कुणीतरी पुण्यातला ॲक्सेंटचा क्लास सुचवलाय, फी ४० हजार. त्या लिहितात, “आमचा गावाकडचा उच्चार आणि मराठी माध्यमच नडतंय का? द्राक्षाचं, गावचं बोलले तर परीक्षकाला काय कळणार, म्हणून मी क्लासचंच बोलते. ड्युटीवर बाहेरच्या डॉक्टरांशी इंग्रजीत बोलताना मात्र कधी अडत नाही. मिस्टरांनी बागेच्या पैशातून दोनदा फी भरली, तिसऱ्यांदा कोणत्या तोंडाने मागू?” पत्रासोबत सरावाची दोन रेकॉर्डिंगही त्यांनी पाठवली आहेत.

सिस्टर,

दोन्ही रेकॉर्डिंग ऐकली. पहिलं आवडत्या सहलीचं. गोव्याचा समुद्र, सोनेरी वाळू, ‘ब्रेथटेकिंग व्ह्यू’ आणि शेवटी ‘आय वॉज ओव्हर द मून’. व्याकरणाची चूक शोधावी लागते. पण आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच पट्टीत चालतो, आणि मधे पुढची ओळ आठवेना तेव्हा तुम्ही मागचं अख्खं वाक्य पुन्हा म्हटलंत, पाढा विसरलेलं पोर मागून सुरुवात करतं तसं. दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये नाइटला आल्यावर आधी काय काय बघता ते सांगितलंय. त्यात चुका आहेत. ‘पेशंट वॉज हॅविंग फीवर’ आहे, ‘देअर ओन्ली आय टोल्ड डॉक्टर’ आहे. तरी ऐकताना कंटाळा येत नाही. कुठे थांबायचं, कुठल्या शब्दावर जोर द्यायचा हे आपसूक बरोबर पडतंय, आणि मॉनिटरचा अलार्म खरा की पेशंटने बोट हलवलं म्हणून वाजला हे कसं ओळखता, ते सांगताना तर वेगही छान बदलतो. गोव्याला गेला होतात का हो कधी? पत्रावरून तसं वाटलं नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. तुमचं इंग्रजी सातच्या जवळपास आहे. तुम्ही परीक्षेत ते वापरतच नाही, दुसऱ्याचं वापरता.

गुण कशाला मिळतात ते आधी पाहू, कारण क्लासने हे नीट सांगितलेलं दिसत नाही. स्पीकिंगची मुलाखत ११ ते १४ मिनिटांची. चार गोष्टी तपासतात आणि चौघींना वजन सारखं: बोलण्याचा ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाची विविधता व अचूकता, आणि उच्चार. प्रत्येक बँडला काय अपेक्षित आहे त्याचं वर्णन जाहीर आहे, इंटरनेटवर फुकट मिळतं. त्यात तुमची मतं बरोबर असावीत, विषय भारी असावा, माहिती खरी असावी असं कुठेही नाही. तिथे ६ आणि ७ मधला फरक वाचा. सहाचा उमेदवार लांब बोलायला तयार असतो, पण पुन्हा पुन्हा तेच म्हणणं, स्वतःला दुरुस्त करणं, अडखळणं यामुळे अधूनमधून त्याचा धागा सुटतो. सातचा उमेदवार फार आटापिटा न दिसता लांब बोलतो. अडखळणं त्यालाही माफ आहे. व्याकरणाच्या चुकाही सातला चालतात, फक्त बिनचूक वाक्यं वरचेवर यायला हवीत.

आता या चष्म्यातून गोव्याचं रेकॉर्डिंग बघा. माणूस बोलताना दोन कारणांनी थांबतो: काय बोलावं सुचत नाही म्हणून, किंवा शब्द सापडत नाही म्हणून. पहिलं थांबणं तर आठ बँडवालाही करतो. पाठांतर करणारा तिसऱ्याच कारणाने थांबतो, पुढची ओळ आठवत नाही म्हणून, आणि ते लपत नाही. रोज अनेक उमेदवार ऐकणाऱ्या परीक्षकाला तर ते पहिल्या दोन वाक्यांत कळतं. मग तो प्रश्न फिरवतो. त्यात आकस नसतो. पाठ केलेल्या मजकुरावरून समोरच्याला किती भाषा येते हे ठरवताच येत नाही, एवढंच. आणि दुसऱ्या भागात ‘ब्रेथटेकिंग’ म्हणणारी बाई तिसऱ्या भागात ‘पीपल आर बिझी’वर येऊन थांबली, की वरची भाषा उसनी होती हे वेगळं सांगावं लागत नाही.

त्याने मधेच तोडलं याचंही वाईट वाटून घेऊ नका. त्याला घड्याळ सांभाळायचं असतं. पहिला भाग चार-पाच मिनिटांत उरकायचा, दुसऱ्यात दोन मिनिटं झाली की थांबवायचंच, तिसऱ्याला पुन्हा चार-पाच मिनिटं. दोन मिनिटांवर तोडलं म्हणजे तुम्ही दोन मिनिटं भरून बोललात, हे चांगलंच झालं. चेहऱ्याचं म्हणाल तर त्याने दाद द्यायची नाही, ‘व्हेरी गुड’ म्हणायचं नाही, अशीच पद्धत आहे. आपल्याला सवय समोरचा ‘हो हो, बरोबर’ म्हणत मान डोलावेल याची. ती तिथे मिळत नाही म्हणून खचायचं नाही. राउंडला काही सीनियर डॉक्टर कसे निर्विकार चेहऱ्याने ऐकून घेतात, ते तुम्हाला मी काय सांगणार.

ॲक्सेंटचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. केरळच्या सिस्टर मल्याळी वळणाने बोलतात की नाही? तरी ७.५. आठ बँडच्या वर्णनातसुद्धा मातृभाषेचं वळण गृहीत धरलेलं आहे. समजण्यात त्याची अडचण फारशी होऊ नये, इतकीच अपेक्षा. तेव्हा ४० हजार देऊन तोंड वाकडं करायला शिकू नका. नकली ब्रिटिश वळण घेणाऱ्याचं लक्ष ओठांकडे राहतं आणि वाक्य सुटतं.

उच्चारात सुधारण्यासारखं आहे ते वेगळं, आणि फुकटात होणारं. मराठीत आपण एकाच ‘व’वर सगळं भागवतो. इंग्रजी व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, डब्ल्यूला ओठ गोल होतात आणि दात लांब राहतात. आरशासमोर आठवडाभर ‘व्हेरी वेल’, ‘व्हिजिट द वॉर्ड’ म्हणा, बसेल. दुसरं, शब्दातला जोर. आपण सगळी अक्षरं सारख्या वजनाने म्हणतो, इंग्रजीत एकच अक्षर वर उठतं आणि बाकीची दबतात. ‘इमर्जन्सी’त जोर ‘मर्’वर, ‘डेव्हलप’मध्ये ‘व्हे’वर, ‘कम्फर्टेबल’मध्ये पहिल्याच अक्षरावर. रोज तोंडात येणारे ३०-४० शब्द शब्दकोशाच्या ॲपवर ऐकून वहीत जोराच्या अक्षराखाली रेघ मारा. तिसरं, भूतकाळी क्रियापदाचा शेवट. ‘वॉक्ड’, ‘आस्क्ड’ म्हणताना तुमचा शेवटचा आवाज गळतो, मग परीक्षकाला वाटतं काळच चुकला. एका दगडात दोन गुण जातात.

मराठी माध्यमाबद्दल मी फार लिहिणार नाही. लिसनिंगला ७.५ आणि रीडिंगला ७ घेणाऱ्या बाईने शाळेच्या माध्यमाला दोष द्यावा, हे मला पटत नाही.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते, ज्यावर माझा खरा आक्षेप आहे: द्राक्षाचं, गावचं बोलले तर परीक्षकाला काय कळणार? अहो, त्याला ठाऊक नाही हीच तर तुमची सोय. ठाऊक नसलेल्या माणसाला समजावून सांगायला वाक्यं आपोआप लांब होतात, कारणं द्यावी लागतात, क्रम लावावा लागतो. गोव्याचा समुद्र त्याने शंभर जणांकडून ऐकलाय.

समजा कार्ड आलं: मोठ्या माणसाकडून शिकलेलं एखादं कौशल्य सांगा. क्लासच्या झेरॉक्समध्ये बहुतेक आजीने शिकवलेला केक असेल. तासगाव भागात राहून तुम्ही बेदाणा करताना पाहिलाच असणार, कदाचित हातही लावला असेल. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवायची, शेडमधल्या जाळ्यांवर एकावर एक थरांत पसरायची, साधारण पंधरवड्यात वाळतात, आणि मार्चमध्ये अवकाळी ढग आले की सगळं घर आकाशाकडे बघत बसतं. हे इंग्रजीत सांगताना रॅकला, जाळीला नेमका शब्द सापडणार नाही. मग म्हणायचं, ‘आय डोंट नो द एक्झॅक्ट वर्ड, बट इट्स अ लाँग शेल्फ मेड ऑफ नेट, सो द एअर कॅन पास फ्रॉम बिलो.’ या वाक्याची लाज वाटू देऊ नका. शब्द अडला तर वळसा घालून अर्थ पोचवता येणं हे सातच्या वर्णनात चक्क लिहिलेलं आहे. पाठ केलेल्या दहा विशेषणांपेक्षा ते एक वाक्य जास्त कामाचं.

असे स्वतःचे आठ-दहा विषय काढून ठेवा. उत्तरं लिहायची नाहीत, विषय फक्त. मिरजेत राहता, सतारमेकर गल्लीत कधी उभ्या राहून बघितलंय का? पंढरपूर भागातून आलेले भोपळे, ते कापून केलेले तुंबे, माणूस कान लावून जवारी काढतोय, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद जुळवतोय. मिरजेच्या सतारीला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं. तुमच्या गावातली वस्तू, हाताने काम करणारा माणूस, जपावी अशी कला, अशी तीन-चार कार्डं तरी त्यात बसतात. २०१९च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा तुम्ही कुठे होतात? ड्युटीवर असाल तर अवघड काळ, कुणाची मदत, वाट पाहण्याचा प्रसंग, हवामानामुळे बदललेला बेत, सगळं त्या एका आठवड्यात आहे. एक सावधगिरी बाळगा: कार्डावर ‘आनंदाचा प्रसंग’ असेल आणि तुम्ही ओढूनताणून पूर आणलात तर सुसंगतीचे गुण जातील. कार्ड काय विचारतंय ते आधी.

तयारीला एक मिनिट मिळतं, कागद-पेन्सिल देतात. तुम्ही लिहिलंय की त्या मिनिटात पहिली दोन वाक्यं पूर्ण लिहून काढता. ते बंद करा. फक्त पाच-सात शब्द, क्रमाने. बेदाण्याचं असेल तर: सासूबाई, मार्च, डिप, जाळी, पाऊस, ताडपत्री, यंदा. मराठीत लिहिलेत तरी कोण विचारतंय. मग एकेका शब्दावर बोट ठेवत जायचं. कार्डावरचे मुद्दे मदतीला दिलेले असतात, ते संपले म्हणजे बोलणं संपवायचं असं नाही. आणि शेवटचा ‘का’ किंवा ‘कसं वाटलं’ हा मुद्दा घाईत उरकू नका, लांब वाक्यं तिथेच येतात.

हे तुम्हाला नवीन नाही हे तुमच्या लक्षात आलंय का? ड्युटी संपताना हँडओव्हर देता तेव्हा काय करता? पेशंट कोण, कशासाठी ॲडमिट, आधी काय झालं, आत्ता काय स्थिती, पुढच्या शिफ्टने काय बघायचं. कुठलं पाठांतर नसतं, फाइल हातात असते आणि घडलेलं डोळ्यांपुढे असतं. चुकलात तर ‘नो, सॉरी, ॲट फोर ओ’क्लॉक’ म्हणून पुढे जाता, मागे जाऊन वाक्य पहिल्यापासून म्हणत नाही. तिथे अडत नाही असं तुम्हीच लिहिलंय. ते न अडणं परीक्षेच्या खोलीत नेता येतं, फक्त पेशंटच्या जागी बेदाणा. पेशंटबद्दल बोलावंसं वाटलं तर जरूर बोला, नाव-गाव सांगू नका म्हणजे झालं.

पहिल्या भागात उलट हात आखडता ठेवा. काम काय करता, घर कसं आहे, चहा आवडतो का, असले प्रश्न. दोन-तीन वाक्यं पुरेत. तिथे भाषण ठोकणारेही पुष्कळ असतात.

तिसरा भाग तुमचा कच्चा दुवा आहे, आणि दोष इंग्रजीचा नाही. आपल्याकडे परीक्षकाने मत विचारलं की बरोबर उत्तर काय असेल याचा अंदाज घेऊन दोन शब्दांत सुटायची सवय लागते. शाळेत लागते, घरी सुना-मुलींना तर अधिकच लागते. इथे बरोबर उत्तर नसतंच. ‘पूर्वीपेक्षा शेजारी एकमेकांना कमी मदत करतात का?’ या प्रश्नावर ‘येस, बिकॉज पीपल आर बिझी’ म्हणून झालं. आता मनात मराठीतच विचारा: सगळेच का? कुठे नाही? पूर्वी कसं होतं? पुढे काय होईल? सांगलीत विश्रामबागेतल्या अपार्टमेंटमध्ये समोरच्या दाराच्या माणसाचं नाव ठाऊक नसतं. पण पुरात आजूबाजूच्या गावांतून टेम्पो भरून भाकरी आल्या होत्या, कुणी कुणाला ओळखत नव्हतं. म्हणजे रोजची मदत कमी झाली असेल, संकटातली नाही. हे तुमचं मत असेल तर सांगा, नसेल तर उलट सांगा. ‘इट डिपेंड्स’ म्हणायलाही हरकत नाही, पण पुढे कशावर अवलंबून ते आलं पाहिजे. ‘इफ’, ‘ऑलदो’, ‘अनलेस’ अशी जोडवाक्यं या भागात न ओढता येतात आणि व्याकरणाच्या विविधतेचे गुण तीच देतात. प्रश्न कळला नाही तर ‘डू यू मीन...’ म्हणून सरळ विचारा, त्याचे गुण कापत नाहीत.

व्याकरणात तीनच गोष्टी धरा, बाकीचं सोडून द्या. ‘वॉज हॅविंग’च्या जागी ‘हॅड’. ताप, बहीण, वेळ, शंका यांना ‘हॅविंग’ लागत नाही. आपल्या ‘तिथेच’, ‘तेव्हाच’मधला च इंग्रजीत ‘ओन्ली’ होऊन येतो, तो काढा. आणि गोष्ट भूतकाळात सुरू केली की भूतकाळातच ठेवा. मराठीत आपण रंगात आलो की ‘मग तो येतो, मला म्हणतो’ असं वर्तमानात सरकतो, तीच सवय इंग्रजीत उतरते. दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये अलार्मच्या भागात नेमकं हेच झालंय.

सराव कसा करायचा? दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि मग, कंटाळवाणं आहे पण करा, स्वतःचं बोलणं ऐकून जसंच्या तसं कागदावर उतरवा, ‘अं अं’सकट. वरच्या तीन चुकांवर लाल खुणा करा. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पुन्हा सांगा, कागद न बघता. इंग्रजीचे शिक्षक एक जुनी युक्ती वापरतात: एकच गोष्ट आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन मिनिटांत सांगायची, जमल्यास दर वेळी नव्या माणसाला. शब्द दर वेळी वेगळे पडतात, पण आशय तोच असल्यामुळे जीभ मोकळी होते. पाठांतर आणि यात हाच फरक. ऐकायला केरळच्या सिस्टर आहेतच, त्यांना मराठी येत नसेल तर फारच उत्तम. आणि मिस्टरांना इंग्रजी फार येत नसलं तरी ते तिसऱ्या भागाचे परीक्षक होऊ शकतात. त्यांनी मराठीत फक्त ‘का?’ आणि ‘बरं, मग?’ एवढंच विचारायचं, तुम्ही इंग्रजीत उत्तर द्यायचं. जेवताना दहा मिनिटं. सुरुवातीला दोघांनाही हसू येईल.

आता तिसरी परीक्षा द्यायची की नाही, आणि कशी. इथे तुमच्या पत्रात एक गोष्ट राहून गेलीय, बहुधा क्लासनेही सांगितली नाही. नर्सेसची नोंदणी करणारी ब्रिटनची नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला ७ आणि रायटिंगला ६.५ मागते, ते तुम्हाला माहीत आहे. पण दोन परीक्षांचे गुण जोडूनही चालतात. अट अशी की दोन्ही परीक्षा १२ महिन्यांच्या आतल्या असाव्यात, आणि कुठल्याही परीक्षेत लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग ६.५ च्या खाली आणि रायटिंग ६ च्या खाली नसावं. तुमची पहिली परीक्षा स्पीकिंगच्या ६ मुळे यात बसत नाही. गेल्या महिन्याची बसते! म्हणजे पुढच्या वेळी स्पीकिंगला ७ आणले आणि बाकीचं थोडं घसरलं तरी काम होतं. चारही गड एकाच दिवशी सर करायचं ओझं उतरलं. संगणकावर परीक्षा दिली असेल तर ६० दिवसांच्या आत एकाच विषयाची फेरपरीक्षा देण्याचीही सोय आहे. मात्र ती कौन्सिलकडे कशी धरली जाते ते आधी त्यांच्या संकेतस्थळावर वाचा, एजंटच्या व्हॉट्सॲप मेसेजवर जाऊ नका. हे नियम बदलतात, म्हणून पैसे भरायच्या दिवशी पुन्हा वाचा. तरी माझा कल फेरपरीक्षेकडे नाही. पाठांतराची सवय मोडायला दोनेक महिने तरी जातील, आणि तुमच्याकडे जवळजवळ वर्ष आहे.

सहा आठवड्यांच्या आत फेरतपासणी मागता येते, गुण वाढले तर ती फी परत मिळते. पण गोव्याचं रेकॉर्डिंग ऐकल्यावर मी तरी त्यावर पैसे लावणार नाही.

दुसरी वाट ओईटीची. ही इंग्रजीची परीक्षा आरोग्यसेवकांसाठीच आहे आणि कौन्सिलला चालते. लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला बी आणि रायटिंगला सी प्लस श्रेणी लागते. तिच्या स्पीकिंगमध्ये क्यू कार्ड नाही. दोन प्रसंग देतात, प्रत्येकी साधारण पाच मिनिटांचे, समोरचा माणूस पेशंट किंवा नातेवाईक होतो आणि तुम्ही नर्स. इन्सुलिनला घाबरणारे आजोबा, डिस्चार्ज मागणारी बाई. भाषेबरोबर तुम्ही पेशंटची भीती ओळखता का, त्याचं ऐकून घेता का यालाही गुण आहेत. तुमचं दुसरं रेकॉर्डिंग ऐकताना मला वाटलं, ही बाई इथे चमकेल. पण फी आयल्ट्सपेक्षा बरीच जास्त, आणि रायटिंगला केस नोट्सवरून पत्र लिहायचं असतं, त्याची तयारी पहिल्यापासून करावी लागेल. तुमचं ६.५ चं रायटिंग हातात असताना मी आधी आयल्ट्स पुन्हा द्यावी म्हणेन. त्यातही नाही जमलं तर ओईटी.

आणि पैशाचं. ‘कोणत्या तोंडाने मागू’ हे वाचून थोडं थांबले. तुमचा पगार घरात येतो ना? मग बागेचे पैसे त्यांचे आणि परीक्षा तुमची, ही वाटणी कुणी केली? नोकरी लागली तर ती घराचीच असणार आहे. मागायला जाऊ नका, हिशेब घेऊन बसा. अर्धा बँड कमी पडलाय, गुण जोडायची सोय आहे, इतक्या महिन्यांची मुदत आहे, फी इतकी, ॲक्सेंटच्या क्लासचे ४० हजार वाचले. आणि ही आयल्ट्सची शेवटची फेरी असेल का, हेही तेव्हाच दोघांनी ठरवून टाका. नापास झाल्याची कबुली म्हणून हे बोलणं करू नका, कारण चारपैकी तीन विषयांत तुम्ही अटी पुऱ्या केल्या आहेत. शेजारीपाजारी विचारणाऱ्यांना ‘पुढच्या वर्षी बघू’ एवढं पुरे.

तारीख घेताना ऑक्टोबर छाटणीचे दिवस टाळा, घरात कुणाला उसंत नसते. स्पीकिंगची वेळ बाकीच्या पेपरपेक्षा वेगळ्या दिवशी येऊ शकते, तेव्हा रजा मागताना दोन वेगळ्या दिवसांची मागा. आणि आदल्या रात्री नाइट करून पहाटेच्या गाडीने पुणे गाठायचं, हे या वेळी नको. मुलाखत सकाळची असेल तर आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला जा.